पोराच्या हाती पहिली कार देताना

धानाचे चुकारे हाती आले की आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांत एक विषय निघतो. पोरगा अठराचा झाला, आता जुनी का होईना एक चारचाकी घेऊन टाकू. ज्या वस्तीत आजोबांच्या काळी सायकल मोजक्या घरी होती, तिथे दारात कार उभी राहते याचा आम्हालाही अभिमान आहे. पण गाडी पाहायला गेल्यावर रंग, एव्हरेज आणि साउंड सिस्टीम यांवरच बोलणे होते. नवशिक्या पोराच्या हातात ही गाडी किती सुरक्षित राहील, हे कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

आधी वय, मग गाडी

कार चालवायला १८ वर्षे पूर्ण लागतात. सोळा ते अठरा या वयात परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनागियर दुचाकीचा. आपल्याकडे कॉलेजची मुले सर्रास चालवतात त्या स्कूटरचे इंजिन ११० सीसीच्या आसपास असते, म्हणजे ती त्यात बसत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९ए आले. अल्पवयीन मुलाकडून वाहनाचा गुन्हा घडला, तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली कितीतरी पोरे आहेत. चालक शिपाई पदाला परवाना लागतोच. आज लाडाने दिलेली चावी उद्याची नोकरी घालवू शकते. मे २०२४ मध्ये पुण्यात १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे कारखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. पैसा जास्त होता म्हणून काही ते दोन जीव परत आले नाहीत.

कोणत्या सालची गाडी घ्यावी

स्वस्त मिळते म्हणून दहा-बारा वर्षे जुनी छोटी कार घेण्याचा मोह होतो. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच खपाच्या छोट्या गाड्यांची टक्कर-चाचणी घेतली होती. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो यांची एअरबॅग नसलेली मॉडेल्स तपासली गेली. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले.

त्यानंतर नियम बदलले. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होत नाहीत आणि स्टेअरिंग वळवता येते, हे एबीएसचे काम. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ अखेरपर्यंत सर्व मॉडेल्सना लागू झाली. म्हणून आमचा साधा हिशेब असा: २०२२ किंवा त्यानंतर बनलेली गाडी पाहा. बजेट बसत नसेल तर जुलै २०१९ च्या मागे जाऊ नका. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची भारत एनकॅप चाचणीही सुरू आहे. तारे पाहताना ते नेमक्या कोणत्या मॉडेलचे आणि कोणत्या सालचे आहेत, हे तपासा. नाव तेच असले तरी जुन्या गाडीला नव्याचे तारे लागत नाहीत.

गाडी घसरू लागली तर सावरणारी ईएससी यंत्रणा मिळाली तर उत्तमच. पण जास्त ताकदीचे टर्बो इंजिन किंवा उंच, जड एसयूव्ही नवशिक्यासाठी नको. मध्यम आकाराची, साध्या इंजिनाची हॅचबॅक किंवा सेडान बरी. समोर लोखंडी बंपर-गार्ड लावू नका. तो बेकायदा आहे आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा आणू शकतो.

जुनी गाडी घेताना

आरसीवरील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळवा. थकलेली चलाने आणि कर्जाचा बोजा पाहा. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी लगेच नावावर करा, विमाही नावावर करून घ्या. ओळखीच्या मेकॅनिकला दाखवून एअरबॅगचा दिवा पाहा. चावी फिरवल्यावर तो पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही किंवा विझलाच नाही, तर सौदा थांबवा. टायरवरील चार अंकी आकड्यात बनल्याचा आठवडा आणि साल असते. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर टायर बदलण्याचा खर्च भावातून वजा करा.

चावी देताना घरचे नियम

भंडारा, लाखनी, साकोलीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर रात्रंदिवस ट्रक असतात. हंगामात मागे लाल दिवा नसलेली धानाची ट्रॉली अंधारात अचानक समोर येते. म्हणून पहिले सहा महिने रात्रीचे ड्रायव्हिंग नको. मित्रांनी भरलेली गाडी नको, कारण सोबत्यांच्या नादात वेग वाढतो. शिकाऊ परवाना असेल तर शेजारी परवानाधारक शिकवणारा आणि पुढे-मागे लाल ‘एल’ हवाच. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर बेल्टशिवाय बसले होते.

आणि दारू. पाचवे शील आपण विहारात म्हणतो, ते स्टेअरिंगवरही लागू आहे. पहिले शीलही तिथेच आहे, कारण समोरून सायकलवर येणारा माणूस कोणाचा तरी बाप असतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या गावागावांतून गाड्या दीक्षाभूमीला निघतात. पाच जणांच्या गाडीत आठ जण बसवू नका. जागा कमी पडली तर एसटीने चला. गाडी पोराच्या नावाने घ्या, पण पहिले वर्ष चावी आईच्या हाती ठेवा. कुठे चालला आणि केव्हा येणार, हे सांगितल्याशिवाय तिने ती देऊ नये.