कॅमकॉर्डर घेताय? आधी मेमरी कार्डचं गणित बघा

शाळेचं स्नेहसंमेलन शेवटच्या रांगेतून टिपायचं असेल, तर मोबाइलपेक्षा कॅमकॉर्डर आजही सरस, तो ऑप्टिकल झूममुळे. खोक्यावरचा डिजिटल झूमचा मोठा आकडा विसरा. तो चित्र नुसतं ताणतो.

खरी अडचण नंतर येते. १०० एमबीपीएसने फोर-के चित्रण केलं, तर तासाला सुमारे ४५ जीबी लागतात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. २४ एमबीपीएसच्या फुल एचडीत तोच तास ११ जीबीत बसतो. घरच्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

फुटेज त्याच दिवशी दोन हार्ड डिस्कवर उतरवा, फोल्डरला तारीख द्या. दोन्ही प्रती चालवून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ आकसतो. त्याला बॅकअप समजू नका.