खाज हाताला, बिघाड मानेत

चाकणमध्ये सीएनसी मशीनवरच्या माणसाच्या हाताला खाज सुटली की पहिला संशय कूलंटवर. तो रास्तच आहे. कूलंट, ग्रीस, कच्चं इपॉक्सी यांनी कातडी खरोखर बिघडते. लाली येते, भेगा पडतात, बारीक फोड उठतात. गणपतीला आठवडाभर गावी गेलं की बहुधा उतारही पडतो.

पण एका खाजेला सुट्टी ठाऊक नसते. कोपराच्या वर-खाली, हाताच्या बाहेरच्या अंगाला ती उठते आणि तिथे पाहावं तर ओरखड्यांपलीकडे काही नाही! मलम चोळा, ॲलर्जीची गोळी घ्या, ती ढिम्म. उन्हात उलट चेकाळते.

अशा वेळी जाणकार डॉक्टर बर्फाची पिशवी मागवतात. ती हातावर ठेवली की खाज गप्प होते, उचलली की थोड्याच वेळात पुन्हा हजर. ही खूण इतकी पक्की की निदान जवळपास तिथेच होतं. मग एमआरआय काढायचा तो हाताचा नव्हे, मानेचा. मणक्यातून बाहेर पडतानाच नस दबलेली असू शकते. हात बिचारा निर्दोष.

नसेची खाज कोणत्या थराला जाते, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीच्या आत्माराम गावंडे यांचे चिरंजीव, अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांनी 2008 साली ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलं. एका बाईंना डोक्यावर नागीण झाली होती. नागीण गेली, खाज राहिली. झोपेत खाजवता खाजवता त्यांचं नख कवटी भेदून मेंदूपर्यंत पोचलं. दुखलं कसं नाही? त्या जागचे 96 टक्के नसतंतू मेलेलेच होते.

म्हणजे जिथे जाणीवच जवळपास संपली, तिथेच खाज सर्वांत भयंकर! उरलेसुरले तंतू विनाकारण संदेश धाडत राहतात, असं काही संशोधक म्हणतात. गावंडेंचा कल वेगळा: खालून बातमीच येईना, तेव्हा मेंदू स्वतःच ती रचतो. मला दुसरं उत्तर जास्त चक्रावून टाकतं.

हिस्टामिनचा इथे फारसा हात नसल्याने ॲलर्जीच्या गोळीला हरवायला शत्रूच सापडत नाही. त्याऐवजी गॅबापेंटिनसारखी नसांची औषधं देतात. काहींना मिरचीतल्या तिखटाचं, कॅप्सेसिनचं, मलम लागू पडतं. सुरुवातीला आग होते, ती सोसायची. आणि ते लावल्यावर डोळ्याला हात लावायचा नाही, हे मिरच्या चिरणाऱ्याला सांगायला नको.