चालू संगणक आज्ञावलींचे अल्पभार कार्यमापन

प्रस्तावना
संगणक आज्ञावलीचा वेळ नेमका कोठे खर्च होतो, याविषयी तिच्या निर्मात्याचाही अंदाज अनेकदा चुकतो. डोनाल्ड नुथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान आज्ञावलींच्या अभ्यासातून दाखविले की, सामान्यतः आज्ञावलीच्या ४ टक्क्यांहून कमी भागात तिचा निम्म्याहून अधिक वेळ जातो. हा भाग शोधण्याच्या प्रक्रियेस प्रोफाइलिंग म्हणतात. मात्र मापनाचा भार आज्ञावलीवरच पडतो आणि त्यामुळे निष्कर्षही बिघडू शकतो.

मापनाच्या दोन पद्धती
पहिली पद्धत जनगणनेसारखी आहे. तीत फंक्शनच्या प्रत्येक वापराची नोंद होते. समजा, एक लहान फंक्शन १ कोटी वेळा चालते. प्रत्येक वेळी त्यास १० नॅनोसेकंद व नोंदीस ५० नॅनोसेकंद लागतात. त्याचा खरा वेळ ०.१ सेकंद असताना मापनात तो ०.६ सेकंदापर्यंत फुगू शकतो. परिणामी निर्दोष फंक्शन दोषी ठरते व सुधारणेचे श्रम वाया जातात.

दुसरी पद्धत नमुना पाहणीची, म्हणजेच शितावरून भाताची परीक्षा करण्याची आहे. ठरावीक अंतराने आज्ञावली क्षणभर थांबवून त्या वेळी कोणते फंक्शन चालू आहे, एवढेच टिपले जाते. सेकंदाला १०० नमुने घेतले व प्रत्येकास १० मायक्रोसेकंद लागले, तरी भार केवळ ०.१ टक्का होतो. एका मिनिटात असे ६,००० नमुने मिळतात. ते परस्परांपासून स्वतंत्र असल्यास, २० टक्के वेळ घेणाऱ्या फंक्शनचा अंदाज बहुधा १९ ते २१ टक्क्यांच्या दरम्यान येतो.

विकास
१९८२ मध्ये मांडलेल्या जीप्रोफ या साधनात वापरांची मोजणी व वेळेचे नमुने यांचा संयोग होता. १९९७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधकांनी अल्फा प्रोसेसरवरील अखंड प्रोफाइलिंग १ ते ३ टक्के भारात शक्य असल्याचे दाखविले. २००९ पासून लिनक्समध्ये पर्फ हे साधन उपलब्ध आहे.

मर्यादा
आज्ञावलीतील एखादी नियतकालिक क्रिया व नमुन्यांचे अंतर यांचा ठेका जुळल्यास चित्र एकांगी होते. म्हणून सेकंदाला १०० ऐवजी ९९ नमुने घेण्याचा प्रघात आहे. तसेच केवळ प्रोसेसरवरील नमुन्यांत डिस्क वा नेटवर्कच्या प्रतीक्षेत गेलेला वेळ दिसत नाही. त्यासाठी स्वतंत्र मापन करावे लागते.

निष्कर्ष
प्रत्येक घटना मोजण्याचा आग्रह सोडल्यास मापन अधिक विश्वसनीय होऊ शकते. प्रत्यक्ष सेवेतील आज्ञावलीबाबत, तिचे काम न बिघडविणारा अंदाज हा तिचे काम बदलून टाकणाऱ्या काटेकोर मोजणीपेक्षा अधिक उपयुक्त ठरतो.