औदुंबराचीं मुळें आणि घराचें गटार

घरांत पाणी कोठून येतें याची चौकशी गृहस्थ नेहमींच करतो. परंतु वापरून झाल्यावर तें कोठें जातें, हा विचार त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. आमच्याहि मनांत तो कधीं आला नव्हता. दोन वर्षांपूर्वीं गौरीजेवणाच्या दिवशीं, घर पाहुण्यांनीं भरलेलें असतां, तळमजल्याच्या न्हाणीघरांतील जाळींतून मैलापाणी उलटें वर आलें, तेव्हां तो प्रथम आला.

पूर्वसूचना मिळाली नव्हती असें नाहीं. वरच्या मजल्यावर शौचकूपांत पाणी सोडलें कीं खालच्या मोरींत गुडगुड आवाज होई. आम्हीं त्याचें खापर घरच्या मंडळींवर फोडलें : खरकटें टाकतां, तेल ओततां, वगैरे. सर्वांत खालचें तोंड प्रथम तुंबतें, त्या अर्थीं अडथळा एखाद्या मोरींत नसून पुढच्या मुख्य नळींत आहे, हें उघड होतें. धुरावरून अग्नीचें अनुमान मुलांस वर्षानुवर्षें शिकविणाऱ्या आम्हांस तें सुचलें नाहीं, हें कबूल करतों.

ठेकेदार आला. त्याच्याबरोबरचा तरुण सदरा काढून पांच फूट खोल चेंबरांत उतरूं लागला. आम्हीं त्याचा हात धरला. आमच्या लहानपणीं याच चेंबरांत माणूस उतरत असे, आणि आम्ही खिडक्या लावून घेत असूं. त्याचें नांव काय, हें घरांत कोणास ठाऊक नव्हतें. मैल्यांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायु हवेहून जड असल्यामुळें तळाशीं साचतो, आणि तो फार झाला म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो; वास थांबला म्हणून धोका टळला असें समजणारा मनुष्य वर येत नाहीं. संरक्षक साधनांवांचून माणसास गटारांत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. कायदा नसता तरी तो आमच्या दारीं उतरावयास नको होता. ठेकेदार रागावून निघून गेला, आणि पाहुण्यांसकट सर्वांनीं दोन दिवस शेजाऱ्यांकडे स्नानें केलीं. तिसऱ्या दिवशीं दाबाच्या पाण्याचें यंत्र मिळालें. माणसें वरच उभीं राहिलीं आणि नळी मोकळी झाली.

मग नळींत कॅमेरा सोडून आंतील देखावा आम्हांस पडद्यावर दाखविण्यांत आला. चेंबरापासून अकरा फुटांवर, यंत्रानें कापल्यावरहि उरलेला, जटेसारखा तांबूस तंतूंचा झुपका लोंबत होता. जवळच अंगणांतला औदुंबर. वडिलांनीं १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पुण्यांत हें घर बांधलें, तेव्हां तो नव्हता. कोणा पक्ष्यानें बीं टाकलें, झाड उगवलें, आणि दत्तगुरूंचें स्थान म्हणून आईनें त्यास पार बांधविला.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणें नळी मिठाची झिलई दिलेल्या मातीच्या नळांची. एकेक नळ दोन फुटांचा, म्हणजे चाळीस फुटांत वीसएक सांधे, आणि ते सिमेंटनें भरलेले. जमीन थोडी खचली कीं सिमेंट तडकतें. वैशाखांत भोंवतालची माती कोरडी ठणठणीत असतां त्या फटींतून निसटणारी वाफ तेथें ओल धरते, आणि ओलीच्या मागानें केसासारखें मूळ येतें. धड नळ तें फोडीत नाहीं. मिळालेली फट मात्र सोडीत नाहीं. आंत बारमास पाणी, आणि खतहि! त्याची शेपटी बनते, तिच्यांत तेलकट थर, कागद, केस अडकतात. पुढें तेंच मूळ जाड होऊन नळ फोडतें. व्याकरणांत काय आणि नळकामांत काय, दोष संधींतच सांपडावयाचा.

वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गल प्रकरणांत झाडांवरून भूमिगत पाणी ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. औदुंबराच्या पश्चिमेस तीन हातांवर, अडीच पुरुष खोल, चांगल्या पाण्याची शिरा असते असें तो म्हणतो. आमची नळीहि झाडाच्या पश्चिमेसच निघाली. पाणी होतें खरें, चांगलें मात्र नव्हे! त्याच ग्रंथांत दोन झाडांमध्यें वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम आणि बारा कनिष्ठ म्हटलें आहे. बारा हात म्हणजे अठरा फूट. नळीपासून आमचें झाड नऊ फुटांवर.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, झाडच काढून टाकूं.” सौ. म्हणाल्या, “औदुंबराला कुऱ्हाड लावायची नाहीं, हवें तर मी मोरी बंद करतें.” भावनेचा प्रश्न बाजूस ठेवला तरी १९७५ च्या राज्य कायद्यानें शहरांतील झाड परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. शिवाय त्यानें साधतें काय? बुंधा पुन्हां फुटतो, मेलेलीं मुळें कुजतात, आणि फट तशीच राहते. नुसतीं मुळें कापलीं तर तीं पुन्हां येतात. कोणीं मोरचूद ओतावयास सांगितलें. लागेल तेथलें मूळ तें मारतें; परंतु उरलेलें तांबें वाहत जाऊन मैला शुद्ध करणाऱ्या सूक्ष्म जंतूंस मारतें, आणि नदीसहि अपाय करतें. आम्हीं तें केलें नाहीं.

जुन्या नळींतच राळेचें अस्तर बसविण्याची एक रीत आहे. परंतु आमचे दोन नळ फुटून खचले होते. म्हणून चौदा फूट चर खणून सात नळ काढले, आणि रबरी कडीच्या सांध्यांची सहा इंची पीव्हीसी नळी साठास एक या उतारानें बसविली. मनगटाएवढें एक मूळ आडवें आलें, तें तोडूं दिलें नाहीं. नळी त्याच्या खालून घेतली. झाडाच्या बाजूस चरांत जाड प्लॅस्टिकचा पडदा उभा केला. खर्चाचा आंकडा सांगत नाहीं, सौ. हें मासिक वाचतात.

यंदा चैत्रांत पुन्हां कॅमेरा सोडविला. नव्या भागांत एकहि तंतु नव्हता. स्वयंपाकघराकडील जुन्या भागांत मात्र दुसऱ्या सांध्यापाशीं दोन तांबूस केस लोंबत होते. सौ.नीं ते पाहिले, कांहीं बोलल्या नाहींत, आणि सायंकाळीं पाराच्या पलीकडल्या अंगास पाणी घालूं लागल्या. पुढचा चर दिवाळीनंतर खणावयाचा ठरला आहे.