गाडी आपली, समुद्र दुसऱ्याचा: नोएडाहून आफ्रिका आणि युरोपकडे



आपल्या गाडीनं परदेशात जायचा विषय निघाला की चर्चा गाडीवरच सुरू होते. फोर बाय फोर हवी का, टायर कोणते, छतावर तंबू बसवावा का. पण रस्ता संपून समोर समुद्र आला की पुढे काय, हा प्रश्न बहुतेकांना उशिरा सुचतो. पैसे आणि दिवस सगळ्यात जास्त अडकतात ते तिथंच. म्हणून आजचा भाग फक्त समुद्राच्या टप्प्यावर. उदाहरण नोएडाचं घेऊ. दिल्ली परिसरात मराठी मंडळी पुष्कळ आहेत आणि इथून बंदर रस्त्यानं हजार किलोमीटरहून लांब आहे. इथून जे जमतं ते पुणे-नाशिकहून अधिक सोपं जमेल.

भारतातून निघताना समुद्र का लागतो?

नकाशावर दिल्ली ते लंडन जवळजवळ सगळी जमीनच दिसते. प्रत्यक्षात पश्चिमेला पाकिस्तानचा रस्ता आपल्याला बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये अटारीची चौकीही बंद झाली. पूर्वेला म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्करानं सत्ता घेतल्यापासून तो मार्ग बेभरवशाचा झाला. उरतो नेपाळ-चीन. तिथं परदेशी गाडीला स्थानिक एजन्सी, सोबत गाइड आणि तात्पुरते परवाने लागतात, आणि तो खर्च मोठा असतो. म्हणून बरेच जण गाडी जहाजानं दुबईच्या जेबेल अलीला पाठवतात आणि पुढे इराणमार्गे तुर्कस्तान गाठतात. पश्चिम आशियात तणाव वाढला की हाही मार्ग अडतो.

आफ्रिकेला जायचं तर जहाजाशिवाय इलाजच नाही. आपल्याला जवळचं बंदर केनियातलं मोम्बासा. तिथं वाहतूकही आपल्यासारखी डाव्या बाजूनं चालते.

आफ्रिकेतून युरोपात: चौदा किलोमीटर की कित्येक आठवडे?

मोरोक्को आणि स्पेन यांच्यामधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम १४ किलोमीटर आहे. टँजियर मेडहून अल्जेसिरासला फेरी जाते, टँजियर शहरातून तारिफाला जाते. तिकीट काढा, गाडी बोटीत चढवा, वर जाऊन चहा घ्या, तासा-दीड तासात युरोप. गाडी आणि तुम्ही एकाच बोटीत, त्यामुळे एजंटही लागत नाही. ट्युनिसहूनही जेनोआ आणि मार्सेलीला अशा फेऱ्या आहेत.

अडचण पूर्वेकडे आहे. मोम्बासाला उतरून इथिओपिया, सुदान, इजिप्त असं वर जायचं, हा पूर्वीचा आवडता मार्ग. पण १५ एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि ही साखळी मधोमध तुटली. शिवाय इजिप्तपर्यंत पोहोचलात तरी मोरोक्कोसारखी सोपी फेरी तिथून युरोपला नाही.

मग पर्याय दोन. पहिला, खंड ओलांडून पश्चिम किनाऱ्यानं अंगोला, नायजेरिया, मॉरिटानिया करत मोरोक्को गाठायचं. यात व्हिसांची रांग मोठी. दुसरा, दक्षिणेकडे उतरून डरबनहून गाडी पुन्हा जहाजात घालायची. डरबनहून युरोपला अटलांटिकमधून जाता येतं, त्यामुळे तांबड्या समुद्राचा प्रश्न येत नाही. भारतातून थेट युरोपला गाडी पाठवणाऱ्यांना मात्र तो येतो. नोव्हेंबर २०२३ पासून तिथं जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली. एका खेपेला दहा-चौदा दिवस वाढले.

मुद्दा एवढाच की आधी समुद्राचे टप्पे ठरवा, रस्ता त्यांच्या मागून ठरतो.

कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट, पण गहाणासह

परदेशी गाडी देशात आली आणि तिथंच विकली गेली तर सरकारचं आयातशुल्क बुडतं. ती परत जाईल याची हमी म्हणून जे पुस्तक असतं त्याला कार्ने दे पासाज म्हणतात. भारतीय प्रवाशांना ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून घेता येतं. मुदत साधारण एक वर्ष.

प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टम्स एक भाग फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा पुस्तकातच राहतो. त्यावर येतानाचा आणि जातानाचा असे दोन शिक्के हवेत. जातानाचा शिक्का नसेल तर त्या देशाच्या लेखी तुमची गाडी अजून तिथंच आहे आणि शुल्काची मागणी येऊ शकते.

यासाठी संस्थेकडे अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते. रक्कम गाडीची किंमत आणि जाणार ते देश यांवर ठरते; इजिप्तसारखा देश यादीत आला की वाढते. एखाद्या नोकरदार घराची कित्येक वर्षांची बचत वर्षभर या एका पुस्तकात अडकते, हे घरच्यांशी बोलूनच ठरवा. सगळ्याच देशांना कार्ने लागत नाही. युरोपीय संघ आणि मोरोक्कोत त्यावाचून तात्पुरता प्रवेश मिळतो. केनिया, दक्षिण आफ्रिका, इजिप्त, इराण यांच्यासाठी मात्र ते घेऊनच निघावं.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या एका मोटारसायकलस्वाराची गाडी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला चोरीला गेली. सतरा देश पार करून तो तिथं पोहोचला होता, पुढे आफ्रिका गाठायची होती. गाडीबरोबर पासपोर्ट आणि कागदपत्रंही गेली. यातून घ्यायचं ते हे: कार्ने, पासपोर्ट आणि नोंदणीपुस्तक गाडीत ठेवू नका, अंगावरच्या पिशवीत ठेवा. असं काही घडलंच तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी कार्ने देणाऱ्या संस्थेला कळवा.

कंटेनर की रोरो?

रोरो म्हणजे गाडी चालवत जहाजात चढवायची. भाडं गाडीच्या घनफळावर. उंच गाडीला हे बरं, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते आणि आतलं सामान सुरक्षित राहील याची खात्री नसते.

कंटेनरमध्ये गाडी कुलूपबंद असते. वीस फुटी कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर लांब असतो, दाराची उंची सुमारे २.२८ मीटर. फॉर्च्युनरसारखी गाडी मावते. फोर्स गुरखा मुळातच दोन मीटरहून उंच. तिच्यावर कॅरियर आणि तंबू चढवलात तर दारातच अडेल. माप टेपनं घ्या, कंपनीच्या माहितीपत्रकावरून नको.

आत गाडी पट्ट्यांनी बांधतात, चाकांपुढे लाकडी ठोकळे मारतात, टाकी जवळपास रिकामी ठेवतात आणि बॅटरी सोडवतात. गॅसची शेगडी-सिलिंडर आत चालत नाही. पेट्रोल-डिझेलवर चालणारी गाडी समुद्री नियमांत धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते, म्हणून तसं लेखी द्यावं लागू शकतं. जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रत्यक्ष वजन जाहीर करणंही सक्तीचं आहे.

नोएडाकरांना एक सोय आहे. ग्रेटर नोएडाजवळ दादरीला इनलँड कंटेनर डेपो आहे. तिथं कस्टम्स होऊन कंटेनर रेल्वेनं बंदराकडे जातो. पण व्यापारी माल रोज सोडणाऱ्या ठिकाणी कार्नेवरची खासगी गाडी क्वचित येते. तेव्हा 'कार्नेची नोंद इथंच होईल का?' हे कस्टम्स एजंटकडून आधी पक्कं करून घ्या. उत्तर मोघम आलं तर सरळ १४०० किलोमीटर चालवत मुंबई गाठा आणि न्हावाशेव्याला काम करा. रस्त्यावरच्या दोन दिवसांनी बंदरातले दहा वाचू शकतात.

दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांचे नियम सतत बदलत आले आहेत. गाडी परत येईपर्यंत नोंदणी वैध राहील ना, हेही बघून घ्या.

भाडं स्वस्त, उतरणं महाग

'अमुक डॉलरमध्ये मोम्बासा' असं सांगितलं जातं ते फक्त सागरी भाडं. पलीकडच्या बंदरातली हाताळणी, कागदपत्रं, एजंटची फी, कंटेनर उघडण्याचा खर्च हे सगळं वेगळं. गाडी बंदरात ठरल्या दिवसांपेक्षा जास्त राहिली की जागेचं भाडं चढतं, कंटेनर उशिरा परत केला की त्याचं वेगळं. म्हणून दोन्ही बंदरांचा मिळून लेखी अंदाज मागा आणि विमानाचं तिकीट असं काढा की गाडीच्या आधी तुम्ही पोहोचाल.

बिल ऑफ लेडिंगवरचं नाव, पासपोर्टवरचं आणि नोंदणीपुस्तकावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं. परक्या बंदरात एवढ्यावरून गाडी अडू शकते. चॅसी आणि इंजिन क्रमांकही गाडीवरूनच वाचून पडताळा.

सागरी विमाही घ्याच. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं. नंतर मालकांनी 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवण्याचा खर्च त्यावरच्या सगळ्या मालधन्यांनी वाटून घ्यायचा, तुमच्या मालाला ओरखडा नसला तरी. विमा नसेल तर हमीची रक्कम स्वतः भरल्याशिवाय माल सुटत नाही. रस्त्यावरचा विमा वेगळाच. भारतीय पॉलिसी युरोप-आफ्रिकेत चालत नाही, तो सीमेवर किंवा आधी विकत घ्यावा लागतो.

क्रम असा ठेवा

बंदरं ठरवा. दोन्हीकडचा लेखी खर्च घ्या. मग कार्ने, आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणि व्हिसा. जहाजाची तारीख त्यानंतर, आणि रस्त्यावरची हॉटेलं सगळ्यात शेवटी, कारण जहाजाची तारीख हलते.

परत आल्यावर भारतीय कस्टम्सची नोंद झालेलं कार्ने संस्थेकडे जमा करा. ते तपासून अनामत परत मिळते. प्रवास खरा संपतो तो त्या दिवशी. तोवर प्रत्येक सीमेवर गाडी सुरू करण्याआधी पुस्तक उघडून दोन्ही शिक्के बघायची सवय ठेवा. मागे रांग लागली तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात.