काळ्यावर पांढरं की पांढऱ्यावर काळं?

पीएल सुरू झाली की होस्टेलवर दोन पार्ट्या पडतात. एक टॅबवर डार्क मोड लावून रात्र जागवणारी, दुसरी "डोळे जातील रे!" म्हणून तिला ओरडणारी. दोघांचेही फंडे जरा तपासून बघूया.

आधी बॅटरी. एलसीडी स्क्रीनमध्ये मागचा बॅकलाइट चालूच असतो. काळं दाखवायचं म्हणजे पुढचं द्रवस्फटिक तो प्रकाश अडवतं. त्यामुळे पान काळं केलं तरी वीज जवळपास तेवढीच जाते. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, काळा पिक्सेल म्हणजे विझलेला. पण तिथेही फार हुरळून जायला नको. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली फोनवर मोजलं, तेव्हा ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना बचत सरासरी ३ ते ९ टक्केच निघाली. ब्राइटनेस पूर्ण असेल तर ३९ ते ४७. आता रात्री खोलीत पूर्ण ब्राइटनेस ठेवतो कोण?

खरी गंमत डोळ्यांत आहे. आपली बाहुली म्हणजे कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर. पांढऱ्या पानाच्या उजेडात ती आकसते, भिंगाच्या कडेकडून येणारे वेडेवाकडे किरण अडतात आणि अक्षर रेखीव दिसतं. काळ्या पानावर ती मोठी होते, सगळे दोष आत शिरतात. बारीक टाइप असेल तर फरक जास्तच जाणवतो. ज्यांच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना तर पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. मीही त्यातलाच, म्हणून माझं मत पांढऱ्या पानाला. मोतीबिंदू असलेल्या आजोबांचं उलट असू शकतं. धुरकट भिंगात पांढऱ्या पानाचा प्रकाश विखुरतो, त्यांना काळं पान बरं वाटतं.

मग रूममेट झोपलाय, दिवा बंद आहे, तेव्हा काय? पांढरं पान झगमगतं हे खरंच. पण आधी ब्राइटनेस उतरवा, पान पिवळसर करा. तरी टोचलं तर डार्क मोड लावा, फक्त अक्षर मोठं करा. आणि पापण्या मिटायला विसरू नका! डोळे कोरडे पडतात ते टक लावून बघण्याने, रंग कुठलाही असो.

एक धोका मात्र आपल्याच ब्रँचचा. स्कॅन केलेल्या नोट्स इन्व्हर्ट केल्या की चित्रंही उलटतात. रेझिस्टरवरचा लाल पट्टा आकाशी होतो, काळा पांढरा. तसला कलर कोड पाठ करून व्हायवाला गेलात तर सर काय म्हणतील ते मी लिहीत नाही.