विवाहाची दोन शब्दभांडारे

मुळशी तालुक्यात, पौड खोऱ्यात असो वा कोळवण खोऱ्यात, एखाद्या घरच्या लेकीविषयी विचारणा केली, तर 'ताम्हिणीला दिली' किंवा 'वाकडला दिली' असे उत्तर मिळते. मुलाविषयी मात्र 'दिला' असे कोणी म्हणत नाही, त्याने लग्न केलेले असते आणि त्याच्या आईबापांनी सून केलेली असते. हा क्रियापदांचा भेद अडीच सहस्र वर्षांपूर्वीच्या अथेन्स नगरीतील नागरिकाला सांगितला असता, तर त्याला त्यात नवल वाटण्याजोगे काहीच आढळले नसते. त्याच्याही भाषेत पुरुष 'गामेइ', म्हणजे विवाह करी, आणि स्त्रीसाठी त्याच धातूचे निराळे, करून घेण्याचे रूप योजीत.

अथेन्समधील विवाहाचा आरंभ 'एंग्यूए' या कराराने होत असे. वधूचा 'क्यूरिओस', म्हणजे पिता, भ्राता अथवा तत्सम मुखत्यार पुरुष, आणि वर या दोघांत तो होई. त्यासाठी वधूची संमती तर राहोच, उपस्थितीही आवश्यक मानलेली नव्हती, आणि हाच शब्द जामीनकीच्या व्यवहारातही रूढ होता. त्यानंतर 'एक्दोसिस', म्हणजे कन्येचे प्रत्यक्ष प्रदान, आणि तिच्यासह 'प्रोइक्स' ही पित्याने दिलेली रक्कम. मेनांदरच्या नाटकांतील वाङ्निश्चयाच्या ठराविक शब्दांत तर औरस संततीसाठी नांगरणीचा उल्लेख येतो. आपल्या धर्मशास्त्रकारांनी पत्नीला क्षेत्र आणि पतीला क्षेत्री, म्हणजे क्षेत्राचा धनी, म्हटले, विवाहविधीच्या केंद्रस्थानी कन्यादान ठेवले, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही परिभाषा परकी वाटणार नाही.

मराठी मुलखात या देणाऱ्याघेणाऱ्यांच्या जोडीला सरकारही उभे होते. पेशवेकालीन दफ्तरांत विवाहावर 'लग्नटका' आणि विधवेच्या किंवा सोडलेल्या स्त्रीच्या पुनर्विवाहावर 'पाटदाम' अशा करांची नोंद सापडते. लग्न आणि पाट यांतील सामाजिक अंतर अशा रीतीने वसुलाच्या बाबींतही उतरले. विवाहाचा शेवट सांगणाऱ्या शब्दांतही, गावकीसमोर मोडलेल्या काडीचा 'काडीमोड' आणि फार्सी अमदानीतून आलेली 'फारकत' हे दोन्ही शेजारी शेजारी नांदले.

आश्चर्य असे की देण्याघेण्यासाठी इतके शब्द असलेल्या ग्रीक भाषेत स्त्रीपुरुषांच्या संयोगाला स्वतंत्र नाव नाही, अशी नोंद खुद्द अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रविषयक ग्रंथाच्या पहिल्याच भागात करून ठेवली आहे. वैध विवाहसंबंध सांगण्यासाठी 'सुनोइकेइन', म्हणजे एकत्र घर करून राहणे, हे क्रियापद वापरीत. मराठीत याच अवस्थेला 'संसार' हे नाव आहे. जन्ममरणाच्या फेऱ्याचे हे नाव तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून निघून चुलीपाशी आले, आणि आज 'तिने संसार केला' या तीन शब्दांत कर्तृत्व पूर्णपणे स्त्रीकडे जाते.

येथपर्यंतचा बहुतेक शब्दसंग्रह देणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या आणि लिहून ठेवणाऱ्याच्या मुखातला. दुसरा संग्रह आहे तो दिलेल्या मुलीच्या मुखातला, आणि माझ्या मते तोच अधिक पुरातन व अधिक टिकाऊ आहे. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले. त्याचा पडताळा घेण्यास मुळशीतील कोणतेही नांदते घर पुरेसे आहे. सासरा म्हणजे संस्कृत श्वशुर, ग्रीक 'हेक्युरोस'. दीर म्हणजे देवर, ग्रीक 'दाएर'. जाऊ म्हणजे यातृ, ग्रीक 'एइनातेरेस'. सून म्हणजे स्नुषा, ग्रीक 'नुओस'. चारही शब्दांच्या मध्यभागी परक्या घरी आलेली स्त्री उभी आहे. नवऱ्याच्या बाजूने पाहिलेल्या नात्यांसाठी, मेहुण्यासाठी वा साडूसाठी, इतके निर्विवाद समान शब्द या भाषांत आढळत नाहीत. होमरच्या 'इलियड' काव्याच्या अखेरच्या सर्गात हेक्टरच्या शवापुढे विलाप करणारी हेलन सासू, सासरा, दीर, नणंदा व जावा यांची एकामागून एक नावे घेते, तेव्हा ती याच शब्दभांडारातून बोलते.

'सासर' सासऱ्याच्या घरावरून आले, पण 'माहेर' हे मातृगृह होय. कायद्याने आणि विधीने मुलगी देणारा पिता. मुलीने मात्र मागे राहिलेल्या घराला आईचे नाव दिले. त्या घराभोवती मूळ, मुऱ्हाळी, सासुरवास, अहेवपण अशा शब्दांचा जो परिवार जमला, तो मुळशीच्या डोंगरवस्त्यांत जात्यावरच्या ओव्यांनी जतन केला. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सहकाऱ्यांसह संकलित केलेल्या या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक, गावे हजाराहून अधिक. नांदगाव, कोळावडे ही मुळशी तालुक्यातील गावे त्या संग्रहात ठळक आहेत, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हा ठेवा लोकांसमोर ठेवीत आहे.

या संग्रहाचे मोल ग्रीसकडे पाहिले म्हणजे कळते. सॅफोची विवाहगीते आज त्रुटित अवस्थेत आहेत. तिच्याच लेस्बोस बेटावरील दळणाऱ्या स्त्रीचे एक इवलेसे गाणे प्लूटार्कने सहज नोंदले म्हणून वाचले. बाकी ग्रीक स्त्रियांनी विवाहाविषयी आपसांत काय शब्द वापरले, ते त्यांच्या जात्यांबरोबरच गेले. पिठाच्या गिरण्या आल्यावर मुळशीतही तेच घडले असते. ओव्या वाचल्या; त्यांतील शब्दांचे अर्थ मात्र ज्या वृद्धांना अंगवळणी आहेत, त्यांच्याकडून ते गावागणिक उतरवून घेऊन मराठी कोशात दाखल करण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते याच पिढीने केले पाहिजे. करार, विधी आणि दफ्तर यांवरून विवाहाचा इतिहास लिहिणारा एकाच पक्षाची जबानी ऐकतो. दुसऱ्या पक्षाची जबानी मुळशीत उपलब्ध असताना दिलेला निवाडा एकतर्फीच ठरेल.